कुरडयांच्या दोन पुड्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. ह्यांना नाही, माहेरी नाही, देवापुढेही नाही. तिथे बसून मी बारीकसारीक अपराध एकेक करून सांगत असे आणि हा तेवढा पदराखाली झाकून उठत असे. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा चैत्र लागला, पार्ल्यातल्या गच्च्यांवर धुतलेली धोतरे अंथरली गेली, त्यांवर ओल्या कुरडयांची पांढरी चक्रे उमटू लागली, की माझ्या तोंडाला कोरड पडते, म्हणूनही असेल.

आधी इंदूविषयी सांगायला हवे. इंदूला वगळून मला माझे काहीच सांगता येत नाही — हेच तर माझे दुखणे होते.

आम्ही दोघी बेळगावच्या शाळेत एका बाकावर वाढलो. आमच्या बाई कविता शिकवताना डोळे मिटून घेत आणि एखादी ओळ दोनदा म्हणत. दुसऱ्यांदा म्हणताना त्या डोळे उघडून इंदूकडे पाहत. माझ्याकडे नाही. मी पाठांतरात तिच्यापुढे होते, वृत्तांमध्ये पुढे होते, अक्षर तर माझेच सुंदर होते. पण तिला कान होता. सोळाव्या वर्षी मी पहाटेवर एक कविता लिहिली; तिच्यात ‘दवाने भिजलेली पहाट’ अशी ओळ होती. इंदूने ती वाचली, पेन्सिलीने ‘भिजलेली’ खोडले आणि वर लिहिले, ‘जडावलेली’. म्हणाली, “मालू, आता बघ गं म्हणून.” मी म्हणून पाहिली. पहाट खरोखरच जड झाली होती, पानांवरून खाली ओघळू लागली होती. पुढे ती कविता एका मासिकात आली — माझ्या नावाने. ज्याने त्याने त्याच एका शब्दाची वाखाणणी केली. मी प्रत्येकाला नम्रपणे हसून दाखवले. इंदूही तिथेच उभी होती. तीही हसली, अगदी मनापासून. तिला त्याचे काहीच वाटले नाही, याबद्दल मी तिला कधीच क्षमा करू शकले नाही.

लग्न होऊन मी पार्ल्याला आले. इंदू बेळगावातच राहिली. तिचे यजमान सरकारी कचेरीत होते. शकू झाल्यानंतर तिला ताप आला, आणि तो गेला तो सांध्यांत दुखणे ठेवून गेला. वर्षागणिक ते वाढत गेले; बेळगावची हवा थंड, पावसाळा लांबलचक. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले — ही ओल सोडा, उबदार आणि कोरडी जागा पाहा, नाहीतर हात जातील. यजमानांनी खटपट करून जूनपासून मुंबईची बदली मिळवली. प्रश्न एवढाच उरला, की राहायचे कुठे.

दोन जागा होत्या. एक कांदिवलीला, त्यांच्या कुणा परिचितांच्या वाडीतले घर. दुसरी — आमच्याच डोक्यावर. ज्या बंगलीच्या तळमजल्यावर आम्ही राहत होतो, तिच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे दक्षिणेला सताड उघडी गच्ची होती. हे मी कळवले नव्हते. ह्यांनी कळवले. भाबडेपणाने, आनंदाने, मला न विचारता. वर मला म्हणतात, “इंदूताई आल्या की तुझ्या कवितांची रोजच्या रोज तपासणी! आणि आमच्याही कानांवर जरा चांगलं काही पडेल.”

थट्टाच होती ती. तुम्ही म्हणाल, एवढ्या थट्टेने कुणी —? पण हे इंदूची पत्रे मोठ्याने वाचत, एखादे वाक्य आवडले की मागे जाऊन पुन्हा वाचत. माझी वही मेजावर आठ-आठ दिवस उघडी पडलेली असे, तिच्यावर ते चहाचा पेला ठेवत. मला तेव्हापासून छतावर पावले ऐकू येऊ लागली. अजून वर कुणी राहायला आले नव्हते, तरी ऐकू येत. तिचे हसणे जिन्यावरून खाली उतरे. भेटायला येणारी माणसे माझ्या दारावरून वर जात, आणि जाता जाता माझ्याकडे पाहून मान डोलवत.

मग इंदूचे पत्र आले. तिचे वडील बदलीच्या नोकरीत होते. नव्या गावी गेले की तिची आई घर ठरवण्याआधी अंगणात कुरडया घालून पाही — ते बेळगावला आले तेव्हा हे मीही लहानपणी पाहिले होते. इंदूने लिहिले होते, ‘मालू, तुझ्या डोक्यावर येऊन नाचायला मी एका पायावर तयार आहे, पण आता माझ्या मनाचं काही चालत नाही, हाडं म्हणतील तसं. तेव्हा माझ्यासाठी एवढं कर. एकाच चिकाच्या कुरडया दोन्हीकडे घाल, सारखाच वेळ ठेव आणि पुड्या करून मला पाठव. घरात ऊन किती ते घरमालक कधी खरं सांगत नाहीत, कुरडई सांगते. आणि तू सांगशील.’

आणि तू सांगशील. ही तीन शब्दांची ओळ मी किती वेळा वाचली असेन!

मी गहू भिजवले. तिसऱ्या दिवशी वाटले, चीक काढला, निवळू दिला, शिजवला. त्या वाफेचा आंबूस-गोड वास आणि दुपारी वाऱ्यावर येणारा बिस्किटांच्या कारखान्याचा भाजका वास — दोन्ही एकात एक मिसळून घरभर झाले होते. निम्म्या कुरडया वरच्या गच्चीवर घातल्या. निम्म्यांसाठीचा चीक घट्ट झाकणाच्या डब्यात घेऊन त्याच सकाळी कांदिवलीला गेले आणि सोऱ्याने तिथल्या अंगणात पाडल्या.

ते घर सुंदर होते, हे खोटे नाही. चहूबाजूंनी जुनी आंब्याची झाडे, मागे विहीर, विहिरीच्या कठड्यावर मखमलीसारखे शेवाळ. चैत्रातल्या दुपारीही तिथल्या मातीला गारवा होता. अनवाणी उभे राहिले की तो घोट्यांपर्यंत चढे. वाडीत राहणारी माळीण कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

“बाई, हितं कशापायी घालतायसा? ऊन हाय कुठं? आंबं सोडतील तवा खाली उतरंल. माझं लुगडं दोन-दोन दिस वाळत नाय.” आणि मग मोठ्याने हसली. “बिऱ्हाड आनायचं तर खुशाल आना, पर पापड-कुरड्या त्यांच्या गावाकडनंच आनाय सांगा!”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दोन्हीकडच्या गोळा केल्या. गच्चीवरच्या काचेसारख्या वाजत होत्या; एक हातात मोडली तर कट् असा स्वच्छ आवाज आला. कांदिवलीच्या कडेला कडक आणि मध्ये चामड्यासारख्या. बोट दाबले की दबत. त्यांना वासही येऊ लागला होता.

आता मी तिथे येते. इतका वेळ येत नव्हते, तुमच्या लक्षात आलेच असेल.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, टळटळीत दुपारी, स्वयंपाकघरात मी पाटावर बसले होते. समोर दोन पुड्या. कागदाच्या दोन चिठ्ठ्यांवर मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिले — ‘पार्ले’, ‘कांदिवली’. शाई वाळू दिली. मग ‘कांदिवली’ची चिठ्ठी कडक कुरडयांच्या पुडीवर ठेवली आणि ‘पार्ले’ची मऊ कुरडयांच्या. दोरा गुंडाळला. गाठी मारल्या. हात चुकला, असे मी पुढे स्वतःला सांगून पाहिले. नाही. हात चुकला नव्हता. गाठ मारताना मी दोऱ्याखालची चिठ्ठी सरळ करून घेतली होती, नीट वाचता यावी म्हणून.

पत्रात मी एकही खोटा शब्द लिहिला नाही, याचा मला किती दिवस आधार वाटत होता! मी लिहिले, ‘पुड्या पाठवते आहे, तूच पाहून ठरव.’ खाली आंब्यांविषयी लिहिले, विहिरीविषयी लिहिले, त्या शेवाळाला मखमलीची उपमा दिली. ते पत्र मी लिहिलेल्या सगळ्या पत्रांत उत्तम उतरले होते. ते मी पोस्टात टाकण्यापूर्वी ह्यांना वाचून दाखवले. हे म्हणाले, “वा!”

इंदूचे उत्तर आठवड्यात आले. ‘अगं, तुझ्या पार्ल्याच्या कुरडयांना बुरी आली होती! तू खाली राहतेस तरी कशी त्या ओलीत? खोकला-बिकला नाही ना? कांदिवलीच्या मात्र काय खणखणीत! ठरलं आमचं. तुझी सोबत हुकली, याचंच तेवढं वाईट वाटतं.’ तिला माझी काळजी वाटली होती. मी ते पत्र चुलीत घातले.

जूनमध्ये ती कांदिवलीला आली. वरच्या खोल्या एका वयस्क जोडप्याने घेतल्या.

पुढचे तुम्हाला कळलेच असेल. श्रावणापर्यंत त्या घराच्या भिंतींना घाम फुटला. गाद्यांना, कपाटातल्या साड्यांना, मिठालासुद्धा ओल. इंदूची बोटे सकाळी मिटलेली असत, ती उघडायला दुपार होई. मी दर पंधरा दिवसांनी जात असे. शेगडी पेटवून मिठाची पुरचुंडी तापवत असे, तिची बोटे एकेक करून शेकत असे. “मालू आहे म्हणून,” ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मी मान खाली घालत असे; लोकांना तो विनय वाटे.

दिवाळीनंतर तिच्या पत्रांतले अक्षर बदलले. दहा वर्षांची शकू लिहून घेऊ लागली. एकदा त्या कोवळ्या, तिरक्या अक्षरात ओळ आली, ‘हल्ली सकाळी हात जडावलेले असतात.’ शब्द मी लगेच ओळखला.

कविता तिने सोडून दिली. शकूला सांगून कविता लिहवत नाही, म्हणाली. त्या वर्षी मासिकात माझ्या दोन आल्या. मला आनंद झाला का? झाला. आणि तो पुरला नाही. कारण आता लोक तिच्या सोसण्याविषयी बोलू लागले — किती शांत आहे, किती हसतमुख आहे. खरे सांगू? मला तिच्या दुखण्याचाही हेवा वाटला. तेही माझ्यापेक्षा तिलाच शोभून दिसत होते.

दुसरा पावसाळा कसाबसा काढून तिच्या यजमानांनी सोलापूरला बदली मागून घेतली. तिकडे ऊन आहे, सुकी हवा आहे. बोटे मात्र पुन्हा सरळ झाली नाहीत.

एवढ्यावर थांबता आले असते. पण मधला एक दिवस मी गाळला आहे. त्या दोन पावसाळ्यांच्या मधला, चैत्रातला.

त्या दिवशी सकाळी इंदू शकूला घेऊन पार्ल्याला आली. शकूच्या हातात रोवळी, तिच्यावर ओले फडके. “शकूच्या हातच्या पहिल्या कुरडया,” इंदू म्हणाली. “दोन दिवस अंगणात होत्या. वरच्या बिऱ्हाडाला विचारतेस का? म्हटलं, त्यांच्या गच्चीवर घालून बघाव्यात.”

मी उभीच राहिले. कांदिवलीच्या खणखणीत कुरडया तिने पाहिल्या होत्या. पार्ल्याच्या, बुरी आलेल्याही पाहिल्या होत्या. मग इकडे का आणल्या? मी विचारले नाही. आमचा आवाज ऐकून वरच्या काकू जिन्याच्या तोंडाशी आल्या आणि तिथूनच ओरडल्या, “घाला हो, घाला! वर ऊनच ऊन आहे. आम्ही दोघं वर्षभर भाजून निघतोय, निदान कुरडयांचं तरी भलं होऊ दे!”

 इंदू कठडा धरून, एकेक पायरी करत वर गेली. शकूने धोतर अंथरले, कुरडया मांडल्या. आम्ही दारातल्या सावलीच्या पट्टीत बसलो. सावली सरकली तसे आम्हीही मागे सरकलो. इंदूने आपले दोन्ही हात मात्र उन्हात ठेवले होते, मांडीवर, तळवे वर करून. कारखान्याचा भाजका वास येत होता. ती म्हणाली, “छान वास आहे गं तुमच्याकडे.” एवढेच.

चारच्या सुमारास तिने शकूला एक कुरडई आणायला सांगितली. दोन वाकड्या बोटांच्या मध्ये धरून तिने ती मोडली. कट्.

मग तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. आमच्या बाई एखादी ओळ दुसऱ्यांदा म्हणण्याआधी थांबत, तशी ती थांबली होती. आता माझी पाळी होती. वर काकू नव्हत्या, शकू पाठमोरी होती, मला कशाची घाई नव्हती. शब्दांवर तर मी आयुष्यभर जगले होते.

मी म्हणाले, “यंदा ऊनच फार कडक आहे.”

इंदूने कुरडईचे दोन तुकडे मांडीवर ठेवले. “हो गं,” ती म्हणाली. “यंदाच असेल.”

शकूने कुरडया रोवळीत भरल्या. निघताना इंदूने त्यातल्या मूठभर माझ्या ताटात काढून ठेवल्या आणि म्हणाली, “चल शकू, गाडी चुकेल.”

संध्याकाळी मी त्या तळल्या. तेलात पडताच पांढऱ्याशुभ्र फुलल्या, ताटभर झाल्या. हे जेवताना म्हणाले, “यंदा तुझ्या कुरडया फार सुरेख जमल्या आहेत.”

मी त्यांना आणखी एक वाढली.