गालांवरचे रातांबे

गुहागरला लेकीकडे होते. जावई सायकल टेकवून ओटीवर आले आणि म्हणाले, "कुसुमकाकू गेल्या." माझ्या मनात आधी काय यावं? इथेही धाकटीच पुढे... आणि तीही सवाष्ण! मग रडू आलं. महिना होत आला, अजून दोन्ही चालू आहे, रडणंही आणि जळणंही.

कुसुम माझी धाकटी जाऊ. आमच्या मांडवीच्या घरात आली तेव्हा नाजूक, गोरीपान. मी आपली नारळाच्या सोडणासारखी खरबरीत. उन्हाळ्यात दोघी अंगणात आमसुलं घालायचो. रातांब्याच्या साली रसात बुडवायच्या, वाळवायच्या, परत बुडवायच्या. दुपारभर उन्हात बसलं की तिचे दोन्ही गाल नाकापर्यंत लाल व्हायचे. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "धाकटीच्या गालांवर रातांबे पिकलेत गो!" झालं! दुसऱ्या दिवशी मीही डोक्यावरचा पदर काढून उन्हात ठाण मांडलं. लाल कसली होते, तव्याचं बूड झाले. नातवंडं हे ऐकून अजून हसतात.

ऐंशी साल उलटलं, त्या उन्हाळ्यात तिचे सांधे सुजले, केस पुंजक्यांनी गळाले, आणि ती बरळायला लागली. मिठाच्या बरणीला कुंकू लावायची, भिंतीशी भांडायची. आम्ही गावच्या राखणदार देवाला नारळ दिला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी रक्त मुंबईला तपासायला धाडलं आणि सांगितलं, "याला ल्युपस म्हणतात. यांच्या अंगातलाच राखणदार उलटलाय. रोगाशी लढायचं सोडून स्वतःच्याच शरीरावर धावतोय, आता मेंदूवर गेलाय. गालांची लालीही त्याचीच, उन्हानं भडकते."

म्हणजे इतकी वर्षं मी एका दुखण्यावर जळत होते!

खाटेवर ती सगळ्यांना ओळखायची. भावोजींना, सासूबाईंना, वॉर्डातल्या आयाबाईलासुद्धा. फक्त मला नाही. "ही काळी बाई कोण?" म्हणायची. उशाशी मी, पेज भरवते मी, आणि ओळख आयाबाईला! मनात म्हणायचे, बाई, रूप घे, सासूबाईही घे, पण मला ओळख गो... औषधं हळूहळू लागू पडली. एका सकाळी माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "वैनी, उन्हात बसू नका हो. तुम्हाला नाही ते शोभत."

मेली! सगळं ठाऊक होतं तिला.

पुढे तिला ऊन वर्ज्य झालं. अंगणात काळी छत्री उघडून बसायची आणि मला हुकूम, "वैनी, त्या कडेची उलटा." मी घामाघूम, ती सावलीत. परत माझं जळणं सुरू! अशी बरीच वर्षं गेली. या खेपेला मात्र दुखणं उलटलं ते औषधाला बधलंच नाही.

काल मांडवीच्या अंगणात यंदाची पहिली आमसुलं घातली. छत्री खुंटीलाच होती. उघडून तिच्या जागी बसले. सावली छान पडते... पण समोर उन्हात बसून माझ्यावर जळायला कोणी नाही.