गालाखालचं लाकूड

रायफलीत बदल करून घ्यायला कुणी आलं, की नाना आधी तो बदल का करू नये ते सांगायचे. पावणे गावातल्या त्यांच्या गाळ्यात फक्त नेमबाजीच्या स्पर्धांच्या एअर रायफली यायच्या. अशानं गिऱ्हाईक टिकेल का, ही मला तिथं कामाला लागल्यापासून धास्ती. मी हिंगोलीकडचा, नववीतून शाळा सोडलेला. गाळा बंद पडला तर जायचं कुठं?

नाना तिथलेच, बोलायचे-लिहायचेही तिथल्याच बोलीत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मधोमध रेघ ओढून एकीकडे ‘काय मिलंल’, दुसरीकडे ‘काय जाईल’ असं लिहायचे आणि पेन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. एका कॉलेजच्या पोराला नळीच्या टोकाला पितळी वजन हवं होतं. “वजन असलं की नळी हलतच नाही नाना, एकदम सेट!” नानांनी वजन नुसतं चिकटपट्टीनं बांधून दिलं. “साठ गोल्या मारून ये, मंग बोल.” आठवड्यानं पोरगा खांदा चोळत आला आणि ‘काय जाईल’खाली स्वतःच लिहिलं, चाळिसाव्या गोळीनंतर हात भरून येतो. वजन निम्मं झालं.

लाकडाला तर ते आठ-आठ दिवस रंधा लावू द्यायचे नाहीत. “पट्टी सोरवता येते बाला. तासलेलं परत येत नाय.”

हे सगळं पाहूनही मी घाण केलीच. नाना पुतण्याच्या हळदी-लग्नाला दोन दिवस गेले होते. कामोठ्याची एक अकरावीतली मुलगी आली. दस्त्यावर गाल टेकवायचं लाकूड उंच वाटतंय म्हणाली. चार दिवसांवर तिची निवड चाचणी होती. नाना येतील तेव्हा काम तयार दिसावं, एवढंच माझ्या डोक्यात. ना रेघ, ना चिकटपट्टी. तिला नेम धरायला लावला, खूण केली आणि तासून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन आली. “दादा, नेम चुकतोय. रायफल ठीक आहे ना? कोच सर म्हणतात, माझंच लक्ष नाही.” मी म्हणालो, “ठीक आहे.” ती गेली. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

नाना आले, तेव्हा कानामागं अजून हळद होती. त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. “डोले मिट. रायफल लाव, गाल टेकव. आता उघर. काय दिसतंय?”

“काहीच नाही. डोळा खाली जातोय.”

नानांनी माझ्याकडं पाहिलं. नेम दिसावा म्हणून ती मान ओढून धरायची, आणि मी त्या ओढलेल्या मानेचं माप घेऊन लाकूड जास्त तासलं होतं. मी मागच्या दारी जाऊन पिशवी भरायला लागलो. नाना मागोमाग आले.

“शालेतनं पन असाच आलास काय?”

असाच आलो होतो. गणितात नापास झालो, सर वर्गात काय म्हणतील म्हणून परत गेलोच नव्हतो.

“जायचं तर जा. पन ती पोर सोताला दोष देते हाय. आधी तिला सांग.”

सांगितलं. तिच्याबरोबर आलेल्या वडिलांसमोर सांगितलं. मला वाटलं, आता कानफटात बसणार. वडील तोंड उघडणार तोच मुलगी म्हणाली, “म्हणजे मी बरोबरच मारत होते?” आणि हसलीच.

मग चामड्याचे पातळ तुकडे मी एकेक करून चिकटवत गेलो. दर तुकड्याला तिनं डोळे मिटायचे, गाल टेकवायचा, उघडायचे. नाना आमच्याकडं पाठ करून बसले होते. सबंध दुपारभर एकदाही वळले नाहीत. कुणी माझ्या हातावर एवढा विश्वास टाकलेला मला माहीत नव्हता. रविवारी निवड यादीत तिचं नाव शेवटून दुसरं होतं.

यंदा नाना गेले. दहाव्याला ती आणि तिचे वडील आले होते. वडिलांनी शेजारच्या माणसाला माझी ओळख करून दिली, “हे मिस्त्री. हिच्या रायफलीचं लाकूड ह्यांनीच बसवलं.”

“बिघडवलं पण मीच होतं,” मी म्हणालो.

तो माणूस हसला. या वेळी मला कुणी सांग म्हटलं नव्हतं. हे ऐकायला नाना हवे होते.