लालबुडीचं घरटं

माझ्यासारख्यानं काही लिहायला बसावं हा आगाऊपणाच आहे, माफ करा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझी मराठी इंदूरची, अर्धी हिंदीत भिजलेली. पण त्या पक्ष्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

उन्हाळ्यात आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या पोर्चमध्ये एका जोडीनं छताला घरटं केलं. वॉटर कूलरखाली साचलेला चिखल दोघं चोचीतून गोळी-गोळी करून आणत. आडव्या ठेवलेल्या सुरईसारखा आकार, पुढे बोगद्यासारखं तोंड. प्रोजेक्टसाठी मी तेच घेतलं. नाव लिहिलं: लालबुडी भिंगरी.

सर पुण्याहून नवीनच आले होते. कागद बघून हसले. "पाकोळी आहे ही. मानपुरात पक्षिशास्त्र शिकवतात वाटतं? पंक्चर काढता काढता?"

इंदूरजवळच्या मानपुरात वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे हे पहिल्या दिवशी ओळख करून देताना मीच सांगितलं होतं. वर्ग हसला.

"सर, पाकोळीला तारेवर बसता येत नाही," मी कसंबसं म्हणालो. "ही बसते. शेपटीच्या वर विटकरी पट्टा आहे, पोटावर बारीक रेघा. आणि पाकोळी घरटं पिसा-काड्यांचं करते, लाळेनं चिकटवून. हे मातीचं आहे."

"बाहेरून मातीचं. आत बघितलंस?"

"आत पिल्लं असतील, सर. दोघं दिवसभर किडे आणतायत. ती उडाली की काढू."

"म्हणजे सबमिशनची तारीख तुझी पिल्लं ठरवणार?"

शिडी आणली. मी धरली. शिपायानं जाळ्या काढायच्या बांबूनं एक टोला दिला. घरटं फरशीवर फुटलं. आत पिसांचं अस्तर आणि चार पिल्लं, अंगावर पंखांच्या नुसत्या काड्या. तीन जागीच मेली. सरांनी बुटाच्या टोकानं माती सारली, तारेवर ओरडणाऱ्या जोडीकडे नीट पाहिलं.

"लालबुडीच. शाबास! मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो काढ."

पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

चौथं हलत होतं. मी आणि होस्टेलच्या माझ्या रूम पार्टनरनं मेसची प्लास्टिकची वाटी त्याच जागी तारेनं बांधली, तीच पिसं घातली, पिल्लू ठेवलं. संध्याकाळपर्यंत जोडी नुसती घिरट्या घालत राहिली. सकाळी एक जण किडा घेऊन काठावर बसला होता.

परीक्षेआधीच्या सुट्टीत मी घरी मानपूरला आलो. पार्टनरचे त्याच्या इंदुरी बोलीत मेसेज यायचे. "भिया, खा रहा है." "भिया, पंख फुटले, काठावर बसून फडफडतोय." चाकाची ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता वडीलही विचारायचे, "उडालं का रे?"

मग मेसेज थांबले. मीच फोन केला. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला.

"भिया, स्वच्छता सर्वेक्षणवाले तपासायला येणार होते. सरांनी सकाळीच पोर्च साफ करवला."

"आणि वाटी?"

"वाटी सूखे कचरे में गई," तो म्हणाला, "पिल्लू गीले में."