तिसरं पार्टिशन

तेतेवेनमध्ये कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की लोक त्सोन्का बर्दारोवाकडे जात, आणि जाताना मनाची तयारी करून जात. बाई काम चोख करायची, पण तोंडाची फटकळ. पोस्टाच्या मागे तिचं दुकान. पूर्वी तिथे एक चांभार बसायचा, त्याच्या सरसाचा वास अजून भिंतींतून गेला नव्हता. सोफियात इंजिनिअर झालेली बाई या खुराड्यात का बसते, असं गावात नवीन आलेले विचारत. जुने विचारत नसत. त्सोन्का गावात राहिली ती ग्लुश्निकापायी, हे त्यांना माहीत होतं.

ग्लुश्निका ही गावावरच्या डोंगरातली गुहा. ग्लुश्निका म्हणजे बहिरी. आत कितीही ओरडा, आवाज उलटून येत नाही. त्सोन्काने तरुणपणीच ती मोजायला घेतली होती. कमरेइतक्या थंडगार पाण्यातून, पोटावर सरपटत, दातांत बॅटरी धरून तिने एकेक वळण मोजलं, प्रत्येकाचा कोन घेतला, उतार घेतला. एकदा खांद्याचं हाड मोडलं. गुडघे तर कायमचेच गेले. लग्न ठरलेला मुलगा वार्नाला नोकरीला निघाला तेव्हा तिला म्हणाला, चल. ती म्हणाली, शेवटचं दालन राहिलंय, तेवढं होऊ दे. तो थांबला नाही. तिनेही त्याला फारसं थांबवलं नाही.

गुहेत जाणाऱ्यांचा गावात एक क्लब होता आणि त्याचा अध्यक्ष होता वल्चान किस्किनोव. शाळेत खेळाचा मास्तर. बोलायला गोड, रंगाने लालबुंद. राकिया या फळांच्या दारूचा पेला हातात घेऊन उभा राहिला की कुणाच्याही डोळ्यांत पाणी आणील असं भाषण करायचा. गुहेत मात्र तो पहिल्या दालनापलीकडे सहसा जात नसे. क्लबचा कॉम्प्युटर त्सोन्काच सांभाळायची. त्याची डिस्कही तिनेच तीन भागांत विभागली होती. पहिल्या पार्टिशनमध्ये कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा, दुसऱ्यात फोटो आणि क्लबचं सटरफटर, तिसऱ्यात फक्त ग्लुश्निकाची मोजमापं.

आणि एका वसंतात ग्लुश्निकाचा नकाशा छापून आला. सुंदर, गुळगुळीत कागदावर. खाली नाव होतं वल्चान किस्किनोवचं, एकट्याचं.

त्सोन्का क्लबच्या सभेत उभी राहिली आणि तिने विचारलं, हे काय आहे. वल्चान हसला. म्हणाला, त्सोन्काने खूप मदत केली, मी कुठे नाही म्हणतो? चहा करायची, मोजायच्या फितीचं टोक धरायची. सभा खो खो हसली. हसणाऱ्यांतल्या अर्ध्याअधिकांना तिने स्वतः दोर बांधायला शिकवलं होतं. पुढच्या सभेत, वागणूक बरी नाही म्हणून, तिचं नाव क्लबमधून कमी झालं. तिचे मोजणीचे मूळ कागद क्लबमध्येच राहिले होते. त्यांना बुरशी लागली असं सांगून वल्चानने ते शेकोटीत घातले. तेवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ ठीक. पण गावात तिचं नावच पडलं, फितीचं टोक. बाजारात चीज घ्यायला उभी राहिली की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं आणि कुणीतरी खुसखुसायचं.

त्सोन्का रडली नाही, कोर्टात गेली नाही. चांभाराची जागा घेतली आणि दुकान मांडलं. राग तिने पोटात ठेवला आणि नीट जपला. वर्षं गेली, केस पांढरे झाले, राग होता तसाच राहिला.

मार्चअखेरीस, लोक वसंत आला म्हणून मनगटावरचे लालपांढरे दोरे सोडून फुललेल्या झाडांना बांधत होते तेव्हा, वल्चान तिच्या दुकानात आला. काखेत टॉवेलात गुंडाळलेली डिस्क, हातात मधाची बरणी. चेहरा असा की घरात कुणी गेलं असावं.

"तुम्हाला जरा वेळ आहे का?" त्याने विचारलं.

उभ्या आयुष्यात त्याने तिला तुम्ही म्हटलं नव्हतं. त्सोन्काच्या ते लगेच लक्षात आलं आणि जिभेवर काहीतरी गोड आल्यासारखं तिला वाटलं.

"मध तिकडे ठेव," ती म्हणाली. "डिस्क इकडे दे."

झालं होतं ते असं. उन्हाळ्याच्या तोंडावर तेतेवेनला गुहावाल्यांचा मोठा मेळावा भरणार होता, चार देशांतून माणसं येणार होती. त्यासाठी वल्चान जुन्या कॉम्प्युटरवर नवी यंत्रणा घालायला बसला. इंटरनेटवर कुणीतरी पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या, त्या तो एकेक करून टाइप करत गेला. पेनड्राइव्हचं नाव द्यायचं तिथे त्याने मोजमापांच्या डिस्कचं नाव दिलं. दोन्हींत एका अक्षराचा फरक. आणि दुसरी प्रत? होती ना, वल्चान म्हणाला, प्रत होती. त्याच डिस्कवर होती.

ज्या साधनाने त्याने हा उद्योग केला होता ते त्सोन्काच्या रोजच्या हातातलं. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. चित्र नाही, बटण नाही. एक अक्षर लिहायचं, एन्टर दाबायचं. तसं ते साधन फार सभ्य आहे. जुने भाग पुसा, नवे आखा, आत काय वाटेल तो गोंधळ घाला, 'w', म्हणजे 'लिही', दिल्याशिवाय ते डिस्कला बोटही लावत नाही. 'q' देऊन बाहेर पडलं की काही घडलेलंच नसतं.

"डब्ल्यू दाबलंस?"

"दाबलं."

"का?"

"तिथे लिहिलं होतं, दाबा म्हणून."

मग पडद्यावर सगळं रिकामं दिसल्यावर त्याने घाबरून मशीनची वायर उपटली. आयुष्यात त्याने केलेलं हे बहुधा सर्वांत शहाणपणाचं काम. डिस्क अजून नव्याने फॉर्मॅट झालेली नव्हती. गेला होता तो फक्त सुरुवातीचा तक्ता, कुठला भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सांगणारा. आलुबुखाराच्या बागेतली कुंपणं कुणी उपटून न्यावीत आणि झाडं जागच्या जागी उभी असावीत, तसं. कुंपणं पुन्हा त्याच जागी रोवली की काम झालं. आणि ती कुठे होती हे त्सोन्काला पाठ होतं, तिनेच रोवली होती. भाग पाडताना गोल आकडे घ्यायची तिची सवय.

हे सगळं तिच्या ध्यानात आलं तेव्हा वल्चान अजून टॉवेलाची घडी घालत होता.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "बघावं लागेल. रोज ये."

तो रोज येऊ लागला. ती त्याला बाहेरच्या बाकावर बसवायची. पोस्टात जाणारं सारं गाव त्या बाकासमोरून जातं. काय वल्चान, इथे कसा, असं प्रत्येक जण विचारी आणि प्रत्येकाला त्याला काहीतरी सांगावं लागे. त्सोन्का आत दुसऱ्यांचे प्रिंटर दुरुस्त करत ते सगळं ऐकायची. कधी दारात येऊन, अजून काही नाही, एवढंच म्हणायची. मास्तर दिवसेंदिवस सुकत चालला. तिला त्याची दया आली असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. तिला भूक चांगली लागू लागली होती.

एक दिवस तिने त्याला आत बोलावलं आणि खुर्ची दिली.

"डिस्कवर काय काय होतं ते सांग. फोल्डरांची नावं कळली तर शोधायला बरं."

त्याने सांगितलं. फोटो, सभासद, मेजवान्यांचे व्हिडिओ. आणि ग्लुश्निकाची मोजमापं.

"कुणाची मोजमापं?"

"क्लबची."

"नीट आठव, वल्चान. कुणाची?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तो एवढं म्हणाला असता, तुझी, तर कदाचित सगळं निराळं झालं असतं. त्सोन्काने पुढे स्वतःच हे कबूल केलं. पण वल्चानने खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "जुनं काय उकरायचं, त्सोन्के. क्लबची. माझ्या देखरेखीखाली केलेली."

त्सोन्का उठली. उद्या ये म्हणाली आणि दाराला आतून कडी लावली.

मग तिने डिस्क जोडली, काळा पडदा उघडला आणि पहिला भाग आखला. साधनाने लगेच सांगितलं की इथे जुन्या फाइल व्यवस्थेची खूण सापडली आहे, पुसू का? म्हणजे जागा बरोबर. तिने नको म्हटलं. दुसरा भाग आखला. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा नको. तिसरा आखताना तिने प्रत्येक आकडा दोनदा वाचला. सुरुवातीचा आकडा दिला, शेवटचा दिला आणि साधनाने विचारलं, खूण सापडली आहे, पुसू का?

तिने नको म्हटलं, 'w' दिलं आणि तिसरं पार्टिशन उघडलं. सगळं होतं. प्रत्येक वळण, प्रत्येक कोन, खांदा मोडला त्या दिवसाची अर्धवट राहिलेली नोंदसुद्धा. तिने ते सारं आपल्या डिस्कवर उतरवलं आणि पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. मग वल्चानच्या डिस्कवरचं तिसरं पार्टिशन काढून टाकलं आणि त्या जागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं भरली. नुसतं पार्टिशन काढून ती थांबली असती तर उद्या दुसऱ्या कुणी तिच्यासारखंच ते परत आणलं असतं. शून्यांतून काही परत येत नाही. मशीन शून्यं लिहीत असताना तिने लिंडन झाडाच्या फुलांचा चहा केला आणि वल्चानच्या मधाची बरणी उघडली. मध चांगला होता.

दुसऱ्या दिवशी वल्चानने काउंटरवरच डिस्क लावून पाहिली. फोटो आले, व्हिडिओ आले. आनंदाने तो तिचा हात धरायला पुढे झाला. मग थांबला.

"तिसरं पार्टिशन?"

"कुठलं तिसरं?"

"मोजमापांचं. ग्लुश्निकाचं."

"तुझं जेवढं होतं तेवढं सगळं आलंय," त्सोन्का म्हणाली. "एक फाइलसुद्धा कमी नाही. तुझं काही राहिलं असेल तर सांग, मी शोधते. माझं काही गेलं असेल तर त्याची तू कशाला काळजी करतोस? मी तर चहा करायचे."

वल्चानचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तक्रार करायची तर ते तिचं होतं हे आधी म्हणावं लागणार. आणि ते तर तो इतकी वर्षं नाकारत आला होता. त्याने डिस्क टॉवेलात गुंडाळली आणि निघून गेला.

दोन दिवसांनी त्याची बायको आली. पर्वोलेता, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, शांत बाई. त्सोन्काने तिला कॉफी दिली.

"ताई, तो झोपत नाही," पर्वोलेता म्हणाली. "तुझ्याकडे आहेत ना ती मोजमापं?"

"आहेत."

"मग दे ना. म्हातारे झालात आता दोघं."

"त्याला पाठव. लोकांसमोर माझं नाव घ्यायला सांग."

"ते त्याला जमायचं नाही. तुला माहीत आहे त्याचा स्वभाव."

"मग मलाही जमायचं नाही," त्सोन्का म्हणाली. पर्वोलेताने कॉफी तशीच ठेवली आणि उठली.

मेळावा वाचनालयाच्या सभागृहात भरला. त्सोन्का शेवटच्या रांगेत जाऊन बसली. इस्त्रीचा ब्लाउज, खिशात पेनड्राइव्ह. वल्चानने नकाशा पडद्यावर दाखवला आणि नेहमीसारखं छान भाषण केलं. टाळ्या झाल्या. मग ओटाकार नावाचा चेक म्हातारा उठला, गुहांची नोंदणी पाहणारा. बोलायला अगदी साधा. शेवटचं दालन नदीखालून जातं असं नकाशात दिसतंय, फार महत्त्वाचं आहे, मूळ आकडे बघायला मिळतील का, असं त्याने विचारलं.

डिस्क खराब झाली, वल्चान म्हणाला.

वाईट झालं, ओटाकार म्हणाला. पण मोजणी कुणी केली? ज्यांनी शेवटच्या दालनात फीत धरली त्यांनी येऊन चार गोष्टी सांगितल्या तरी पुरे. नाहीतर नोंदीत पहिल्या दालनापुढचं काही घेता येणार नाही.

वल्चानने पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. क्लबातले म्हातारे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. त्सोन्का वाट पाहत होती. याच घटकेसाठी ती आली होती. आणि तेवढ्यात बाजूच्या दारातून, हातात चीज भरलेल्या बानित्साचा मोठा ट्रे घेऊन उभी असलेली पर्वोलेता म्हणाली, "त्सोन्काने केली. त्या तिथे बसल्यात."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. त्सोन्काला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिला हे या बाईच्या तोंडून नको होतं. ती उभी राहिली.

"मला त्याच्याकडून ऐकायचंय," ती म्हणाली.

ट्रेमधल्या गरम चीजचा वास सभागृहभर पसरला.

"तिनेच केली," वल्चान शेवटी म्हणाला. आवाज असा की पुढच्या रांगेलाही नीट ऐकू गेला नसेल.

"मोठ्याने."

"तिने केली. सगळी तिने केली. मी पहिल्या दालनापुढे गेलेलो नाही."

त्सोन्का रांगांमधून पुढे चालत आली, दुखऱ्या गुडघ्याने लंगडत. वल्चानकडे न पाहता तिने पेनड्राइव्ह ओटाकारच्या हातात ठेवला आणि सांगितलं की हे क्लबचं नाही, माझं आहे, नोंद माझ्या नावाने होईल. तशी ती झाली. नकाशा पुन्हा छापला गेला, त्याच गुळगुळीत कागदावर, नव्या नावाने.

शरद ऋतूत वल्चानने अध्यक्षपद सोडलं. खरं म्हणजे त्याला सोडायला लावलं. बाजारात आता त्याच्यामागे लोक खुसखुसतात, पहिलं दालन म्हणतात त्याला. क्लबने त्सोन्काला अध्यक्ष हो म्हणून विनवलं, फुलं घेऊन तिघं आले. सभेत तुम्ही हसला होतात, एवढं बोलून तिने दार लावून घेतलं. फुलंही बाहेरच राहिली.

पर्वोलेता मात्र तिच्याशी बोलायची बंद झाली. एकदा औषधांच्या दुकानात दोघी समोरासमोर आल्या. त्सोन्काने आधी हाक मारली, तिचे उपकार मानायचे राहिले होते.

"तुझ्यासाठी नाही बोलले मी तेव्हा," पर्वोलेता म्हणाली. "हे संपावं म्हणून बोलले. पण तू त्याला आणखी एकदा बोलायला लावलंस. मोठ्याने."

"लावलं," त्सोन्का म्हणाली. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन."

पर्वोलेताने नवऱ्याच्या झोपेच्या गोळ्या पिशवीत टाकल्या आणि निघून गेली. त्सोन्काने आपलं गुडघ्याचं मलम घेतलं. घरी जाताना वीत नदीच्या पुलावर ती थोडी थांबली. नदीला पूर आला होता. शेवटचं दालन याच पाण्याखालून जातं, हे आता सगळ्या जगाला ठाऊक झालं होतं. आपल्याला वाईट वाटतंय का, हे तिने प्रामाणिकपणे तपासून पाहिलं. पर्वोलेताचं थोडं वाटत होतं. वल्चानचं नव्हतं.