जपूनमामांचा बक्षिसाचा फोटो

आमचे मामा जिना उतरताना कठडा धरत आणि कठडा मोडला तर असावी म्हणून दुसऱ्या हाताने भिंतही चाचपत. तार आली तर ती शेजारच्या मास्तरांकडून उघडून घेत आणि मास्तरांचा चेहरा बघून मग घरात येत. कुणी बाहेर निघालं की "जपून", कुणी घरात आलं की "जपून", पानात दहीभात वाढला तरी "जपून गं". सगळा मोहल्ला त्यांना जपूनमामा म्हणायचा. त्यांचं खरं नाव मला कॉलेजच्या अर्जावर पालकाचं नाव लिहिताना विचारावं लागलं होतं.

हा माणूस फोटो काढत असे यावर कुणाचा विश्वास बसत नसे. मी एकदा विचारलंच, तर म्हणाले, "कॅमेऱ्यातून बघितलं की सगळं स्वल्प लांब जातं सुमा, मग भीती वाटत नाही." आमचं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. मंडी मोहल्ल्यातल्या घरातून रंगाच्या कढया कधीच गेल्या होत्या, मामा कचेरीत नकाशे काढायचे, पण पाण्यात बुडवून काहीतरी वर काढायची खोड रक्तातून गेली नव्हती. न्हाणीघराच्या दाराला चादर लावून, लाल दिवा पेटवून ते तासन्‌तास आत बसत आणि आम्ही आंघोळीसाठी बाहेर रांगेत उभे.

फोटो मात्र देवळांचे, म्हशींचे, वरुणा गावाकडच्या भातशेतांचे. माणसाचा फोटो काढलाच तर तो अल्बममध्ये जायचा, भिंतीवर नाही. आमच्यात जिवंत माणसाचा फोटो भिंतीला लावत नाहीत. पुढच्या खोलीत पणजोबांपासूनचे सगळे गेलेले लोक ओळीने होते, चंदनाचे हार घालून, आणि त्या ओळीत जिवंत माणूस गेला की लवकरच खरोखरीचा जातो असं घरात सगळे धरून चालत. मामा तर त्या भिंतीजवळ खुर्चीसुद्धा ठेवू देत नसत.

लीलामामी त्यांच्या अगदी उलट. ती मोठ्याने हसायची, मांजर आडवं गेलं तरी तशीच पुढे जायची, आणि मामांनी "जपून" म्हटलं की "अय्यो, सुम्ने, उगीच भिता तुम्ही" म्हणून तेच काम दुप्पट जोरात करायची. मी शिमोग्याहून शिकायला त्यांच्याकडे राहिले त्या वर्षी आम्ही तलकाडला गेलो. तिथे वाळूची टेकडी बघून मामांना काय झालं कोण जाणे, कॅमेरा डोळ्याला लावून ते मामीला म्हणाले, "चपला हातात घे आणि वर पळ." आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला पळ म्हणाले असतील. मामी पळाली. "परत एकदा," मामा म्हणाले. मग आणखी एकदा. शेवटी मामी टेकडीच्या माथ्यावर बसली ती उठेचना. मी वर पोचले तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि ती हसायचा प्रयत्न करत होती.

हृदयाची एक झडप खराब निघाली. लहानपणच्या तापाचं हे दुखणं आहे, पळण्याशी त्याचा संबंध नाही, वेल्लूरला जाऊन ऑपरेशन करा, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि घरी आल्यावर कॅमेरा ट्रंकेत घालून वर कुलूप लावलं. आपण फोटोसाठी पळवलं आणि फोटोने तिचा श्वास घेतला, हे त्यांच्या मनातून काढायला डॉक्टर काय, ब्रह्मदेव आला असता तरी जमलं नसतं.

त्याच सुमारास गावातल्या छायाचित्रकारांच्या मंडळाने स्पर्धा जाहीर केली. बाहेरगावचे परीक्षक येणार, निवडलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरणार. मामीने ऐकलं आणि हट्टच धरला की तलकाडचा फोटो पाठवायचा. मामा म्हणाले, "बेडा, नको लीला, ते लोक भिंतीवर लावतात." मामी म्हणाली, "म्हणूनच तर. मेल्यावर लावलेला कुणाला बघता येतो? मला एकदा बघायचंय." मामांनी ट्रंकेचं कुलूप उघडलं. ऑपरेशन महिन्यावर आलेलं असताना तिने हे इतक्या सहज म्हणावं याची मला फार भीती वाटली.

फोटो छापताना मामांनी मला न्हाणीघरात बोलावलं, एकट्याला बघवत नव्हतं म्हणून. औषधाच्या पाण्यात कोरा कागद पडला आणि हळूहळू आधी वाळू आली, मग मामीचे केस, मग हातातल्या चपला. मामांनी चिमट्याने कागद हलकेच हलवला. "जपून," ते म्हणाले. माझ्याशी नाही, कागदाशी. सुकल्यावर धुळीचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने भरताना तिच्या चेहऱ्यावरचा ठिपका काही त्यांच्याने भरवेना, तो मी भरला. पाठीमागे शीर्षक लिहिलं 'वाळू'. मामी भडकली, "पळते मी आणि नाव वाळूचं?" मामांना वाटलं होतं, नाव वाळूचं दिलं की यमाचं लक्ष वाळूकडे जाईल.

निवड सगळ्यांसमोर व्हायची. पुढे एका चौकटीवर दिवा, तिच्यावर एकेक फोटो ठेवायचा, आणि परीक्षक "ठेवा" नाहीतर "काढा" म्हणायचे. बाकी अवाक्षर नाही. 'काढा' ऐकलं की पाठीमागच्या खुर्च्यांत कुणाचं तरी तोंड उतरायचं. मामा दाराशी उभे होते, पळून जाता यावं म्हणून. आणि मी, बी.एस्सी.ची मुलगी, मनाशी एक भयंकर खूळ घेऊन बसले होते: 'ठेवा' म्हणाले तर मामी वाचेल. तो विचार परत मागे घ्यावा म्हटलं तर घेता येईना. मामी चौकटीवर आली.  परीक्षकांपैकी एकजण उठून जवळ गेला, चष्मा काढून बघत राहिला.  "हिचा पाय वाळूला टेकलेलाच नाही," तो म्हणाला, आणि मग, "ठेवा." वळून बघितलं तर मामा दारात नव्हते. बाहेर पायरीवर डोकं धरून बसले होते.

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. प्रदर्शनाच्या दिवशी मामी पोपटी लुगडं नेसून टांग्यातून आली. आम्ही दारातून आत शिरलो आणि मी मामीचा हात धरला. मंडळाचे सेक्रेटरी मोठे हौशी गृहस्थ, त्यांनी बक्षिसाच्या फोटोचा मान म्हणून मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, घसघशीत हार आणून त्याला घातला होता. उद्घाटनाची समई नेमकी त्याच्याखाली तेवत होती आणि समईशेजारी उदबत्त्या. भिंतीवर हार घातलेली, हसणारी मामी, आणि माझ्या शेजारी तीच मामी, धापा टाकत उभी.

मामांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी नंतर कुठल्याच माणसाच्या तोंडून ऐकला नाही. ते धावले. पाहुण्यांना ढकलून, कुणाचा तरी चहा सांडून ते फोटोपाशी गेले आणि हार ओरबाडून काढला. फुलं सगळीकडे उडाली. सेक्रेटरींच्या उशिरा ध्यानात आलं. "तप्पायितु सार, तप्पायितु," चूक झाली म्हणत बिचारे हात जोडून उभे राहिले. 

मामी सावकाश चालत पुढे गेली. तिने मामांची मूठ उघडून उरलेला हार काढून घेतला आणि माझ्याकडे पाठ केली. "सुमा, माळ गं केसांत. इतकी चांगली फुलं." मी माळली. आकडा दोनदा खाली पडला. मग ती त्या फोटोशेजारी उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला कानडीत सांगत सुटली, ही मीच. मामा खुर्चीत बसून पुटपुटत होते, "वेल्लूरला नको जाऊ या लीला, नको." मामी म्हणाली, "मला भिंतीवर बघितलं, हार घातलेला पण बघितला. आता अजून भ्यायचं काय राहिलंय? एनू आगल्ला, काही होत नाही, चला."

वेल्लूरला तिला आत नेताना मामांनी नेहमीचा शब्द म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. व्हरांड्यात ते माझा हात धरून बसले होते. तो हात संध्याकाळपर्यंत त्यांनी सोडला नाही, मला पाणी प्यायलाही उठू दिलं नाही. मामी वाचली. नुसती वाचली नाही, पुढे पुष्कळ वर्षं हसली, भांडली, आणि घरी आल्याआल्या तिने तो फोटो पुढच्या खोलीत पणजोबांच्या ओळीत लावून घेतला. मामांचं काही चाललं नाही. सकाळी उठून ते आधी स्वयंपाकघरात डोकावत, मामी दिसली की मगच पुढच्या खोलीत येऊन फोटोकडे बघत. हा क्रम त्यांनी एक दिवसही चुकवला नाही.

एका दुपारी ती झोपेतच गेली. मी शिमोग्याहून पोचले तेव्हा मामा कोरड्या डोळ्यांनी ओट्यावर बसले होते. तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो हवा म्हणून मामीचा भाऊ स्टूल घेऊन भिंतीकडे निघाला. मामांनी त्याला हाताने थांबवलं. कुणी धरल्याशिवाय स्टुलावर न चढणारे मामा एकटे वर चढले, फोटो उतरवला आणि छातीशी धरून खाली आले. "दुसरा कुठला तरी बघा," ते म्हणाले. "ह्याला हार घालायचा नाही. ह्यात ती पळते आहे."

आता त्या भिंतीवर मामाही आहेत. त्यांचा फोटो मी लावला, चंदनाचा हारही घातला. घरी येणारे विचारतात, "मामींचा नाही का?" मी सांगते, नाही, तो अल्बममध्ये आहे.