पाईपला धरणाऱ्यांची यादी

धसईला आमची भातगिरणी आहे. उंदीर प्लास्टिकचा पाईप कुरतडतात, म्हणून तिथलं सगळं वायरिंग लोखंडी पाईपातून नेलंय. वायरी जिथे एकमेकींना जोडल्यात तिथे भिंतीवर लोखंडी डबे, त्यांना स्क्रूची झाकणं. मला याद्या करायची सवय आहे. पट्टा कधी बदलला, मशीनला तेल कधी घातलं, सगळं एका वहीत असतं. या डब्यांबद्दल मात्र वहीत एकच ओळ होती : ‘दसरा – डबे, पाईप रंगवणे.’ दर वर्षी तिच्यापुढे बरोबरची खूण.

गेल्या हिवाळ्यात डोंगरावरच्या वाडीतली एक आजी दर बाजाराच्या दिवशी पाटीभर भात घेऊन यायची. नंबर लागेपर्यंत उजव्या हाताने भिंतीवरचा पाईप धरून उभी राहायची. एकदा मी विचारलंच, “आजी, बाकडं आहे की. बसत का नाही?”

“बसून काय करू? खांदा धरलाय माजा,” ती म्हणाली. “तुज्या पाईपानं हाताला मुंग्या येतात, बरं वाटतं गो बाय.”

रांगेतली दुसरी बाई हसली. “आमाला पण येतात. फी लाव आता, फुकटचा दवाखाना चालवतेस!”

करंट असावा, हे मनात आलं. म्हणून उठून पाईपला हाताची उलटी बाजू लावून पाहिली. काही नाही. मशीन चालवणाऱ्या आमच्या माणसाने हात लावला. त्यालाही काही नाही. “मशीन थरथरतं, त्याचं असेल,” तो म्हणाला.

पण थरथर असती तर आम्हालाही कळली असती, आणि करंट असता तर आम्हालाही बसला असता. माणूस पाहून मुंग्या आणणारा पाईप कसा असेल? मी वहीत पान आखलं : कोण, कुठे धरलं, काय वाटलं. पुढच्या आठवड्यात येईल त्याला विचारत गेले. वाडीच्या बायकांना मुंग्या. गावातल्या दोन शेतकऱ्यांना मुंग्या. टेम्पोवाल्याला नाही. मला नाही, मशीनवाल्याला नाही. वय, डावा हात, उजवा हात, सगळं ताडून पाहिलं. काही जुळेना.

पुढच्या बाजाराच्या दिवशी वही मांडीवर घेऊन बसले होते आणि नजर दाराकडे गेली. दाराबाहेर चपलांची रांग होती. भात-तांदूळ पसरलेला असतो तिथे आमच्याकडे कुणी चपला घालून येत नाही, कुणाला सांगावंही लागत नाही. मशीनवाला कोंड्यात वावरतो म्हणून गमबूट घालतो. माझ्या टाचांना भेगा, म्हणून टेबलामागे माझ्या पायांत रबरी चपला. टेम्पोवाला दारातच पोती उतरवतो आणि बूट न काढता तिथलाच पाईप धरतो. पान आखताना एक रकाना राहिला होता, पायांचा.

तेवढ्यात आजी आत आली. भाताजवळ यायचं म्हणून बाहेरच्या नळावर पाय धुऊन आली होती. फरशीवर तिची ओली पावलं उमटत पाईपाकडे चालली होती. कोरड्या पायांना मुंग्या येत होत्या. ओल्या पायांना काय झालं असतं?

“आजी, हात लावू नका!” मी ओरडले आणि धावत जाऊन मेन स्विच पाडला. भात सडणारा हलर घरघरत थांबला. आजी हात तसाच हवेत धरून माझ्याकडे बघत राहिली.

“काय झालं गो? मी काय चोरलं?”

गिऱ्हाइकं कुरकुरत पोती ठेवून गेली. दुपारी वाशिंदहून ओळखीचा वायरमन आला. सगळ्यांना बाहेर काढून त्याने मिनिटभर मेन चालू केला आणि पाईपला टेस्टर लावला. दिवा लागला. मग मेन बंद करून त्याने कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि डबा उघडला.

“अर्थिंग तर आहे,” मी हिरवी वायर दाखवली.

“आहे ना काकू. रंगावर बसलंय.” त्याने स्क्रू काढला. खाली ऑइलपेंटचे थर होते : निळा, पिवळा, पुन्हा निळा. “दसऱ्याला डबे कोण रंगवतं? वायर सोडायची, आतून बाहेरून रंग मारायचा, वायर परत लावायची. वायरीला लोखंड लागलंच नाय.”

मी वहीतल्या त्या ओळीकडे पाहिलं. दर वर्षीची बरोबरची खूण माझ्याच हातची होती.

पाईपाचं तोंड डब्यात जिथे शिरतं तिथे रबराचं गोल कडं नव्हतं, त्यामुळे धारेने वायरीचं आवरण कापलं होतं. पुढचा जोड हाताने पिळून टेप गुंडाळलेला. टेप वाळून सुटली होती. मी विचारत राहिले, तो काम करत सांगत राहिला. कापलेली वायर बदलली. जोडाला टेप नाही, कनेक्टर. तांबं कनेक्टरच्या आतच राहील एवढंच सोलायचं, स्क्रू आवळून वायर ओढून बघायची. रंग पॉलिशपेपरने लोखंड चमकेपर्यंत घासायचा आणि मगच अर्थिंगची वायर बसवायची. करंटची गळती झाली की आपोआप पडणारा ब्रेकरही त्याने बसवला. संध्याकाळपर्यंत सगळे डबे झाले. शेवटी मीटर लावून त्याने एकेक तपासला.

“पण गळती होती तर फ्यूज का नाही उडाला?” मी विचारलं.

“करंटला परत जायला वाटच नव्हती. म्हणून माणसांतून जात होता.”

हे उत्तर मी वहीत उतरवून घेतलं. दसऱ्याची ओळ खोडून लिहिलं : ‘डब्यांना रंग नाही.’

पुढच्या बाजाराला आजी आली. सरळ पाईपाकडे गेली आणि धरून उभी राहिली. मी चपला काढून तिच्याशेजारी पाईप धरला. लोखंड गार होतं, बस.

“मेला की गो हा,” आजी म्हणाली. “आता माजा खांदा?”

मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे मलमाची ट्यूब मिळाली. पाईप बरा होता, असं ती अजूनही रांगेत सगळ्यांना सांगते.