उजेडाकडे धरलेलं पाकीट

...तर काकूंनी ते पाकीट खिडकीच्या उजेडाकडे धरलं, इथवर आपण आलो होतो. कागद पातळ, आतलं आरपार दिसलं: "फोन नाही." समोर बाकावर निवृत्त टपालवाले आजोबा. बायको गेलेली, मुलं लांब, गुडघ्यांनी संप पुकारलेला. काकूंनी ते पाकीट गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं आणि दुसरं काढलं. "घ्या आजोबा, तुम्हाला रोज फोन येणार."

हा उद्योग त्यांनी सहा आठवडे केला, म्हणजे बघा.

काकू म्हणजे गुडघेदुखीच्या दवाखान्यात नावं नोंदवणाऱ्या बाई, एकवीस वर्षं त्याच टेबलावर. माणूस दारातून कसा चालत येतो, त्यावरून त्याचं घरात कोणाशी पटत नाही हेसुद्धा त्या सांगत, आणि बहुतेक वेळा खरं निघे. विद्यापीठातल्या एका मॅडमनी त्यांना साधंसं काम दिलं होतं. रोज सकाळी फोन करून "व्यायाम झाला का?" एवढं विचारलं, तर माणसं नेमाने व्यायाम करून बरी होतात का, हे मॅडमना बघायचं होतं. निम्म्यांना फोन, निम्म्यांना नाही. कोणाला काय, ते बंद पाकीट ठरवणार. सूचना एकच: "वरचं पाकीट उचलायचं, आपलं डोकं चालवायचं नाही." आता एकवीस वर्षं चाललेलं डोकं असं सांगून थांबतं होय?

एकटे, आळशी, रडके तेवढे काकूंनी फोनच्या यादीत घातले. तुरुतुरु चालत येणारे, सुनेला सोबत आणणारे, ते बिनफोनचे.

तीन महिन्यांनी सगळ्यांना दहा पायऱ्या चढायला लावल्या, घड्याळ लावून. दोन्ही गटांचा वेळ सारखाच निघाला. मॅडम टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "काकू, फोनमुळे काही फरक पडत नाही हो. एक तारखेपासून बंद करून टाकू."

टपालवाले आजोबा दहावी पायरी चढून स्वतःशीच हसले होते, ते काकूंनी पाहिलं होतं. असं बघा, खडकाळ वाफ्याला खत घातलं, काळ्याभोर वाफ्याला नाही, आणि पीक दोन्हीकडे सारखं आलं, तर खत वाया गेलं म्हणायचं का? पण इथे खडकाळ वाफा कुठला, हे एकट्या काकूंनाच ठाऊक.

घरी जेवताना यजमान म्हणाले, "भाजीत मीठ नाही. म्हणजे दवाखान्यात काहीतरी घोळ आहे."

काकूंनी सगळं सांगितलं.

"मग तोंड शिवून बस. नोकरीची दोन वर्षं राहिलीत."

"आणि ते फोन?"

"फोन काय तुझ्या माहेरचे आहेत?"

"नाहीत. पण बंद पडतायत ते माझ्या हाताने," काकू म्हणाल्या आणि मीठ आणायला उठल्या.

सकाळी मॅडम आल्या आल्या काकूंनी पाकीट उजेडाकडे धरून दाखवलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"किती जणांचं केलंत असं?"

"एकतीस."

"काकू, वाटणी चिठ्ठीने झाली तर तो प्रयोग. माणसाने निवडून केली, की नुसतं प्रयोगासारखं दिसणारं काहीतरी उरतं. आता फोनचा गुण किती आणि तुमच्या निवडीची करामत किती, हे मी कशावरून सांगू?"

"मला काढून टाका हवं तर. पण फोन बंद करू नका."

"तुम्हाला काढलं तर ती एकतीस नावं मला कोण सांगणार?" मॅडम खुर्ची ओढून बसल्या. रागावल्या होत्या, पण माणूस सरळ. खरं काय झालं ते अहवालात लिहायचं, चालू फोन चालू ठेवायचे आणि नवी माणसं घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायची, असं त्यांनी ठरवलं. पाकिटं या खेपेला जाड, काळ्या कागदाची. मग काकूंकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, "पण पुन्हा असेच एखादे आजोबा आले आणि 'फोन नाही' निघालं, तर काय कराल?"

काकू म्हणाल्या, "वाईट वाटेल, मॅडम. पण ज्यांना फोन नाही त्यांच्यामुळेच फोनचा गुण कळणार असेल, तर मी पाकिटाच्या वाटेला जाणार नाही. फक्त दारात येईल त्याला 'या, बसा' म्हणेन, फोनवाल्याला आणि बिनफोनवाल्याला अगदी सारखं. तेवढं चालतं ना तुमच्या प्रयोगात?"